आधी ॲडॉप्टर बघा

नेट बंद पडलं की मुंबईच्या घराघरांत एक ठरलेला क्रम चालतो. राउटर बंद-चालू, मग फोन बंद-चालू, मग केबलवाल्याला कॉल. तो उचलत नाही, म्हणून शेजारी चौकशी: ‘तुमचं चालू आहे का हो?’ असे चार दिवस गेले की नवा राउटर येतो आणि सगळं सुरळीत होतं. जुना राउटर ‘गेला’ म्हणून माळ्यावर जातो. बऱ्याचदा तो तिथे धडधाकट पडून असतो. गेलेला असतो तो त्याचा काळा ॲडॉप्टर, दोन-अडीचशे रुपयांचा. नव्या राउटरबरोबर नवा ॲडॉप्टर आला, म्हणून नेट सुरू झालं, इतकंच.

घरातल्या आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या बऱ्याच कटकटी याच जातीच्या असतात. महागडं यंत्र ठीक असतं, शेजारची स्वस्त वस्तू दगा देते: ॲडॉप्टर, केबल, सेल, बॅटरी, कागद. आणि मुंबईची दमट, खारट हवा या स्वस्त वस्तूंना आधी खाते.

ॲडॉप्टरपासूनच सुरुवात करू. राउटरचे सगळे दिवे एकदम विझून पुन्हा क्रमाने लागत असतील, तर राउटर स्वतः रिस्टार्ट होतोय, म्हणजे बहुधा वीज नीट पोचत नाही. बाकी दिवे शांत आणि फक्त इंटरनेटचा दिवा लाल किंवा बंद असेल, तर दोष लाइनचा. हा एवढा फरक केबलवाल्याला फोनवर सांगितला तरी त्याची एक फेरी आणि तुमचा एक दिवस वाचतो.

ॲडॉप्टर मरतो तो हळूहळू. आतले कपॅसिटर (वीज साठवून सम ठेवणारे भाग) उष्णतेने सुकत जातात. टीव्हीमागच्या कोंदट जागेत, एक्स्टेंशन बोर्डावर सेट-टॉप बॉक्सच्या ॲडॉप्टरला चिकटून वर्षानुवर्षं चोवीस तास चालू असलेल्या ॲडॉप्टरचं दुसरं काय होणार? मल्टिमीटर लावला तर तो १२ व्होल्ट दाखवतोही, कारण तेव्हा त्याच्यावर भार नसतो. राउटर जोडला आणि रात्री नऊला सगळं घर नेटवर आलं की व्होल्टेज खाली घसरतं आणि राउटर मान टाकतो. म्हणून ‘सकाळी चालतं, रात्रीच जातं’ अशी तक्रार असेल तर मल्टिमीटरवर विश्वास न ठेवता दुसरा ॲडॉप्टर लावून बघायचा.

दुसरा घेताना तीन गोष्टी जुळवायच्या. व्होल्ट अगदी तेवढेच: १२ असेल तर १२, ९ असेल तर ९. अँपिअर तेवढे किंवा जास्त: १ अँपिअरच्या जागी २ चालतो, २ च्या जागी १ नाही. आणि पिनचं माप. बहुतेक राउटरांची पिन बाहेरून ५.५ मिलिमीटर असते, पण आतलं भोक २.१ किंवा २.५ अशा दोन मापांत येतं. २.५ ची पिन २.१ च्या सॉकेटात जाते, पण सैल बसते आणि वायरला धक्का लागला की नेट जातं. जुना ॲडॉप्टर आणि राउटर दोन्ही पिशवीत घालून इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला जावं. दुकानदार तिथेच लावून दाखवतो.

लाइनचा दोष असेल तर फायबरच्या डब्यावर (बाहेरून आलेली फायबर ज्यात जोडतात त्यावर) एलओएस (LOS, म्हणजे सिग्नल हरवला) असं लिहिलेला दिवा बघा. तो लाल लुकलुकत असेल तर प्रकाश तुमच्यापर्यंत येतच नाही, आणि हजार वेळा रिस्टार्ट करून तो येणार नाही. शेजारचा पॉनचा (PON) दिवा नुसताच लुकलुकत राहिला, तर प्रकाश येतोय पण पलीकडच्या यंत्राने तुमच्या डब्याची नोंद घेतलेली नाही. एलओएस लाल असेल तर केबलवाल्याच्या आधी सोसायटीत विचारा, की आज गच्चीवर कोण चढलं होतं. रंगारी, पाण्याच्या टाकीचे लोक, डिशची दुरुस्ती, एसीवाला. वायर तुटते ती बहुधा यांच्या पायाखाली. उरलेल्या उंदरांच्या नावे.

घरातला तुकडाही बघावा. भिंतीपासून डब्यापर्यंतची पातळ पिवळी किंवा पांढरी फायबर ही तांब्याची वायर नाही, आत काच आहे. तिचं वेटोळं वाटीएवढं ठेवायचं, अंगठीएवढं नाही. सोफा मागे ढकलला आणि फायबर भिंतीशी दाबली गेली की नेट पूर्ण जात नाही, नुसतं रडतं. डब्याच्या सेटिंगच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’ (Rx Power, म्हणजे पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद) नावाचा आकडा मिळतो. तो साधारण उणे १५ ते उणे २५ डीबीएममध्ये हवा. उणे २७ च्या आसपास गेला की डबा आंधळा व्हायला लागतो. हा आकडा चालू नेटच्या दिवशी एकदा लिहून ठेवला तर पुढे भांडायला सोपं जातं. डब्यात जाणारा हिरवा कनेक्टर काढलात तर त्याच्या टोकाला बोट लावू नका, आणि टोकात डोकावून बघू नका: यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. हिरव्याच्या सॉकेटात निळा कनेक्टरही घालू नका. हिरव्याचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. जोडला जातो, पण प्रकाश सांडतो.

लाइन ठीक, राउटर ठीक, पैसे २०० किंवा ३०० एमबीपीएसचे आणि स्पीड टेस्टमध्ये कायम ९४-९५. ना कधी ८०, ना कधी ११०. हा आकडा दिसला की शोध संपला. मधे कुठेतरी जोडणी १०० एमबीपीएसवर उतरली आहे. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. १०० साठी चार पुरतात, १००० साठी आठही लागतात. एखादी तार कनेक्टरात सैल झाली, हवेने हिरवी पडली किंवा दाराच्या फटीत चेपली, तर दोन्ही यंत्रं गुपचूप चार तारांवर समझोता करतात आणि कुठेही तक्रार दिसत नाही. केबल बदला. तरी ९४-९५ च येत असेल तर राउटर किंवा डब्याचा पोर्टच जुना, १०० चा आहे. मात्र ही टेस्ट वायर लावूनच करायची. वाय-फायवर केलेली टेस्ट तुमच्या भिंती मोजते, लाइन नाही.

भिंतींचं म्हणाल तर मुंबईत दोन टोकं आहेत. गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींत हातभर जाडीच्या भिंती, आणि नव्या टॉवरांत मिवान पद्धतीचं बांधकाम, ज्यात आतल्या खोल्यांच्या भिंतीसुद्धा सळईच्या काँक्रीटच्या. वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अशी एक भिंत कशीबशी ओलांडतो, दुसरीत संपतो. त्यात फायबर मुख्य दारातून येते म्हणून राउटर चपलांच्या कपाटावर बसतो, आणि ऑफिसचं काम करणारा माणूस आतल्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या पलीकडे. माळ्यावर पाण्याची टाकी असेल आणि राउटर तिच्याखाली, तर बघायलाच नको. पाणी सिग्नल पितं. महागडा राउटर घेण्यापेक्षा दहा-पंधरा मीटरची लॅन केबल पट्टीत बसवून राउटर मधल्या पॅसेजमध्ये, डोक्याच्या उंचीवर आणावा. सिग्नल पुढे पोचवायला विकत मिळणाऱ्या रिपीटरबद्दल माझं मत वाईट आहे. तो जिथे सिग्नल कमी तिथे लावला जातो, आणि कमीच सिग्नल पुढे ढकलतो. लावायचाच तर अर्ध्या वाटेवर लावा.

२.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या पायात न येणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. फोनवरच्या वाय-फाय ॲनालायझर ॲपमध्ये शेजाऱ्यांची गर्दी दिसते. जिथे ती कमी तो निवडा, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ‘३ रिकामा दिसतोय’ म्हणून तो घेतला तर १ आणि ६ या दोन्हीकडचा गोंधळ पदरात पडतो. वाय-फायचा बल्ब किंवा प्लग ॲपला सापडतच नसेल तर दोष बहुधा बल्बचा नसतो. ही स्वस्त यंत्रं फक्त २.४ वर बोलतात. राउटरने २.४ आणि ५ या दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलं असेल किंवा सुरक्षा डब्ल्यूपीए३ वर असेल तर ती गोंधळतात. गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वेगळं वाय-फाय) २.४ वर आणि डब्ल्यूपीए२ ठेवून चालू करावं आणि सगळे बल्ब तिकडे टाकावेत.

यूपीएसची गंमत मुंबईत वेगळी आहे. इथे वीज क्वचित जाते, म्हणून यूपीएस टेबलाखाली मेलेला आहे हे वर्षानुवर्षं कळत नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास शहराची वीज गेली, लोकल थांबल्या, आणि घरून काम करणाऱ्या कित्येकांचे यूपीएस पहिल्याच क्षणी बंद पडले असतील. घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी असते. तिचं आयुष्य दोन-तीन वर्षं, टेबलाखालच्या उकाड्यात त्याहून कमी. तीन महिन्यांतून एकदा काम सेव्ह करून यूपीएसचं भिंतीवरचं बटण बंद करायचं. प्लग उपटायचा नाही, उपटला की अर्थिंगही तुटतं. दहा मिनिटं टिकला तर ठीक. लगेच किंचाळून पडला तर बॅटरी बदला, अख्खा यूपीएस नको. जुनी बॅटरी दुकानदार परत घेऊन किंमत कमी करतो. लाल तार अधिक खुणेला, काळी उणे खुणेला. आणि लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही नाही. कागद भाजणारा त्याचा फ्यूजर तापताना ८००-१००० वॅट ओढतो, आणि ६०० व्हीएचा यूपीएस फार तर ३६० वॅट देतो.

आता सगळ्यात स्वस्त गुन्हेगार. ऑफिसातला डेस्कटॉप सकाळी चालू केला की एकही वेबसाइट उघडत नाही. ‘तुमचं कनेक्शन खाजगी नाही’ असा इशारा येतो. बँकेची साइट नाही, जीएसटीची नाही, मेल नाही. शेजारच्या मशीनवर सगळं चालतं. लोक ब्राउझर काढून पुन्हा टाकतात, अँटिव्हायरसला शिव्या देतात, व्हायरस शिरला म्हणून विंडोज फॉरमॅट करतात. खाली उजवीकडची तारीख कोणी बघत नाही. तिथे आठ-दहा वर्षांपूर्वीची १ जानेवारी बसलेली असते. साइटचं प्रमाणपत्र ‘अमुक तारखेपासून वैध’ असतं, आणि या मशीनच्या मते ती तारीख अजून उजाडलेलीच नसते.

कारण मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल, सीआर२०३२, संपलेला असतो. मशीन बंद असताना घड्याळ तोच चालवतो. मशीनला भिंतीतून वीज मिळत असेल तर सेल जवळजवळ वापरला जात नाही. पण मुंबईतल्या छोट्या ऑफिसांत संध्याकाळी निघताना मेन स्विच पाडायची शिस्त असते. शिस्त चांगलीच, फक्त त्यामुळे रोज रात्री आणि आख्खा रविवार घड्याळाचा भार या सेलवर येतो.

बदलायचा असा. मशीन बंद, वायर काढलेली, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून उरलीसुरली वीज घालवलेली. मशीन चालू होत असेल तर त्याआधी बायोसच्या (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगच्या) पानांचे फोनवर फोटो काढून ठेवा, विशेषतः डिस्क ‘एएचसीआय’वर (AHCI) आहे की ‘रेड’वर (RAID) ते. सेल निघाला की सेटिंग मूळपदावर जाऊ शकतात, आणि ही एक ओळ बदलली तरी विंडोज उठत नाही. बिटलॉकर (डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधी हाताशी हवी. मग बाजूची छोटी पट्टी नखाने दाबली की सेल उडी मारून वर येतो. नवा बसवताना अधिक खूण वर. जुना मोजून बघायचा असेल तर नवा सेल ३ व्होल्टच्या वर दाखवतो. पावणेतीनच्या खाली गेलेला परत लावू नये. दुकानदाराने सीआर२०२५ दिला तर घेऊ नका. तोही तेवढाच गोल आणि ३ व्होल्टचाच, पण जाडी ३.२ ऐवजी २.५ मिलिमीटर. सैल बसतो, आणि महिन्याभराने पुन्हा १ जानेवारी.

प्रिंटरवर मात्र दया करायची माझी तयारी नसते, पण पावसाळ्यात तोही बिचारा निर्दोष असतो. जून ते सप्टेंबर कागद हवेतलं पाणी पितो. रीम उघडी राहिली की पानं एकमेकांना चिकटतात, एकाच वेळी दोन-तीन ओढली जातात, आणि लेझर प्रिंटरच्या तापलेल्या फ्यूजरमधून निघताना पान पापडासारखं वळून अडकतं. लोक प्रिंटर उघडतात, दुरुस्तीवाल्याला बोलावतात, पण कागद तोच ठेवतात. ट्रेमध्ये तीस-चाळीसच पानं ठेवा. बाकी रीम तिच्याच वेष्टनात गुंडाळून बंद कपाटात. वेष्टनाला आतून लेप असतो, तो ओल अडवतो. पानं घालताना पंख्यासारखी फुलवून घ्या. तरी वळत असतील तर गठ्ठा उलटा करून ठेवा. एवढ्याने भागलं नाही तर कागद ओढणारा रबरी रोलर ओलसर, लव न सोडणाऱ्या कापडाने पुसा. रबर गुळगुळीत चमकत असेल तर त्याचं आयुष्य झालं. अडकलेला कागद प्रिंटर बंद करून, दोन्ही हातांनी, तो ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने काढायचा. फाटला तर सगळे तुकडे मोजून काढा. नखाएवढा तुकडा आत राहिला तरी सेन्सर दिवसभर ‘पेपर जॅम’ ओरडतो.

शाईच्या टाकीवाल्या प्रिंटरचं दुखणं उलटं. तो वापराअभावी मरतो. आठवड्याला एक रंगीत पान काढलं तर नोझल (शाई सोडणारी बारीक भोकं) सुकत नाहीत. तो प्रिंटरच्याच बटणाने बंद करा, भिंतीवरच्या नाही. बटणाने बंद झाला तर छापणारं हेड आपल्या जागी जाऊन झाकण लावून बसतं. वीजच तोडली तर ते वाटेत उघडं राहून सुकू शकतं. हेड क्लीनिंग लागोपाठ दोन-तीनदाच करायचं. फरक पडला नाही तर रात्रभर थांबून पुन्हा. दर वेळी शाई आतल्या फेल्टच्या पॅडमध्ये जाते, आणि पॅड भरला की प्रिंटर संपावर जातो.

‘प्रिंटर ऑफलाइन’ हा वेगळाच रोग. राउटर रिस्टार्ट झाला, प्रिंटरला नवा आयपी पत्ता मिळाला, कॉम्प्युटर जुन्या पत्त्यावर हाका मारतोय. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवायचा, आणि विंडोजमध्ये प्रिंटरच्या पोर्टमध्ये आपोआप आलेलं डब्ल्यूएसडी काढून त्या पत्त्याचा टीसीपी/आयपी पोर्ट करायचा. पुन्हा सहसा हात लावावा लागत नाही. एखादं काम रांगेत अडकून ना छापलं जातं ना पुसलं जातं, तेव्हा विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम) थांबवा, विंडोजच्या सिस्टिम३२ मधल्या स्पूल फोल्डरात प्रिंटर्स नावाचा फोल्डर आहे, तो आतून रिकामा करा (फोल्डर तसाच ठेवून), आणि स्पूलर परत सुरू करा.

फोन चार्ज होत नाही, वायर तिरकी धरली तरच होतो: पोर्ट बहुधा गेलेला नाही, त्यात खिशातली लव दाबून बसली आहे. फोन बंद करून लाकडी टूथपिकने बाजूबाजूने उकरा. टाचणी नको, आतल्या पिना वाकतात. पावसात लोकलच्या दारात भिजलेला फोन ‘ओलावा आहे’ म्हणत असेल तर तो खरं बोलतोय. पोर्ट खाली करून तळहातावर हळू आपटा आणि अर्धा तास पंख्याखाली ठेवा. तांदळात ठेवून तांदळाची पूड आत जाते, पाणी जिथे होतं तिथेच राहतं. फोन चार्ज होतो पण कॉम्प्युटरला दिसत नाही, तर वायर बहुधा फक्त चार्जिंगची आहे. आत दोनच तारा, डेटाच्या दोन गायब. स्टेशनबाहेरच्या पन्नास रुपयांच्या वायरीत हे सर्रास.

लॅपटॉप चार्जिंगला लावला की धातूच्या कव्हरला हात लावताच झिणझिण्या येतात, त्याचं कारण ॲडॉप्टरमध्ये मुद्दाम ठेवलेला एक छोटा कपॅसिटर असतो. त्यातून किंचितशी वीज गळते. ती अर्थिंगमधून जायला हवी, पण चाळीतल्या जुन्या बोर्डात तिसऱ्या भोकामागे बऱ्याचदा तारच नसते. वायरमनला न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीनच्या आत आणि फेज-अर्थ २३० च्या आसपास असेल तर अर्थिंग आहे. हे काम मात्र स्वतः करू नका.

ऑफिसातल्या मराठीचंही तसंच. एका मशीनवर लिहिलेलं पत्र दुसऱ्यावर रोमन अक्षरांचा चिवडा होऊन उघडतं, कारण ते श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टात आहे आणि तो फॉन्ट इथे नाही. कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, आणि आणल्यावर एकदा डोळ्यांनी वाचा. रफार आणि वेलांट्या हमखास जागा बदलतात. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ‘दर्या’चा ‘दऱ्या’ करायचा असेल तर र ऐवजी शिफ्ट दाबून र, म्हणजे ऱ, मग हलन्त, मग य.

एक काम या रविवारी करण्यासारखं. टीव्हीखालच्या खणातले सगळे काळे ॲडॉप्टर बाहेर काढा आणि प्रत्येकावर पांढरी चिकटपट्टी लावून लिहा: कशाचा, किती व्होल्ट. लॅपटॉपच्या काही १९ व्होल्टच्या ॲडॉप्टरांची पिन राउटरच्या १२ व्होल्टच्या सॉकेटात जाते. त्या दिवशी मात्र राउटर खरोखरच जातो.